जुन्या वाड्यात स्मृतिभ्रंशाच्या ज्येष्ठांसाठी निवास : सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याच्या पेठांत, वाईच्या आळ्यांत, मिरजेच्या ब्राह्मणपुरीत वडिलोपार्जित वाडे कुलूप लावून पडलेत. मुलं पुण्याला, नातवंडं त्याच्याही पलीकडे. आणि डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या आई-वडिलांना चोवीस तास सांभाळेल अशी जागा शोधताना घरच्यांच्या नाकी नऊ येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीच्या पुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज दिला. या दोन गोष्टींची सांगड कोणीतरी घालतंच, आणि मग विचारणा होते : "आमचा वाडा चालेल का हो?" खालची उत्तरं इमारतीच्या बाजूने दिलीत, निदानाचं आणि औषधाचं डॉक्टरांना विचारा.

नवी इमारत बांधणं सोपं नाही का? वाड्याचा अट्टाहास कशाला?

सोपं आहे, आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतं. वाडा जुना आहे, देखणा आहे, पणजोबांचा आहे, एवढ्यावर हा उद्योग करू नका. वाड्याचा खरा फायदा एकच : मधला उघडा चौक.

डिमेन्शियात जे डोळ्यांना दिसत नाही ते माणसासाठी नसल्यातच जमा. भिंतीआड संडास आहे हे लक्षात राहत नाही. दार उघडं राहून भांडं दिसलं तर पाय आपसूक तिकडे वळतात. म्हणून अशा निवासाचं पहिलं सूत्र : माणसं थोडी, मांडणी घरासारखी, आणि बसल्या जागेवरून हवं ते दिसलं पाहिजे. २०२० चा जागतिक अल्झायमर अहवाल अख्खा इमारतींच्या रचनेवरच होता. नेदरलँड्समधल्या वेस्प गावात २००९ साली सुरू झालेलं होगेवेक हे याच विचाराचं गाजलेलं उदाहरण. तिथे सहा-सात जणांची एकेक घरं मोकळ्या चौकांभोवती मांडलीत. आपल्याकडच्या एकचौकी वाड्यात ओसरीवर टेकलेल्या माणसाला तुळस, स्वयंपाकघराचं दार, येणारं-जाणारं, सगळं दिसतं. पडवीतून चौकाला फेरी घातली की निघालो तिथेच परत येतो, वाटेत कुठे अडायला होत नाही. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं असलेला लॉजसारखा लांबलचक बोळ या माणसांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो, आणि नव्या इमारतीत नेमका तोच बांधला जातो.

मात्र वाडा म्हटल्यावर मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा डोळ्यांपुढे आणू नका. अनेक चौक असले की धडधाकट पाहुणाही वाट चुकतो. एक चौक, फार तर दोन.

जुनं घर बघून त्यांना जुनं सगळं आठवेल, हो ना?

गेलेली आठवण भिंत बघून परत येत नाही. टिकून राहते ती हातांची सवय. ताटात तांदूळ दिले की निवडायला सुरुवात होते, खुंटी दिसली की टोपी काढून अडकवली जाते, झोपाळ्यावर बसलं की पाय आपोआप रेटा देतात. हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण तीच सवय उलटतेही : चूल दिसली की पेटवावीशी वाटते, आड दिसला की पाणी शेंदायला जावंसं वाटतं. त्यामुळे "जुनं तसंच ठेवा" असं सरसकट म्हणता येत नाही. कुठली वस्तू हाताला काय करायला लावेल, हे एकेका वस्तूचं बघावं लागतं.

दुसरी एक गोष्ट वाड्याचे मालक सहसा बोलत नाहीत. वाडा सगळ्यांचं घर नव्हता. सातारा जिल्ह्यातली कितीतरी माणसं गिरणगावातल्या चाळींत आयुष्य काढून परतलीत, कितीतरी फौजेच्या क्वार्टरमध्ये राहिलीत. आणि ज्यांच्या आई-बापांना पाटलाच्या वाड्याच्या देवडीपलीकडे (मुख्य दरवाजाच्या आतली पहाऱ्याची जागा) पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्या मनात त्या दरवाजाची वेगळीच आठवण असते. असा एखादा आजोबा आत यायला तयार होत नसेल, ओसरीवर बसायचं सोडून पायरीवरच टेकत असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. प्रवेशाच्या वेळी घरच्यांना विचारून घ्या : बालपण कुठल्या घरात गेलं, झोपायला खाट होती की जमिनीवर अंथरूण, अंघोळ कुठे करायचे. त्याप्रमाणे त्यांची खोली लावा. वाडा सजवण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगी पडतं.

वाडा बघायला गेल्यावर आधी काय बघायचं?

तळमजला. दिवाणखान्यातलं कोरीव काम, वरच्या मजल्याची महिरप, बाहेरचा सज्जा, हे सगळं शेवटी. वाड्यांचे जिने भिंतीत चिणलेले, अरुंद, उभे आणि अंधारे असतात. तिथून या माणसांना चढवणं-उतरवणं होत नाही. वरचा मजला कचेरीला, सामानाला, सांभाळणाऱ्या मावशींच्या विश्रांतीला वापरा. राहणाऱ्यांचं झोपणं, जेवणं, अंघोळ, फिरणं हे सगळं तळमजल्यावर बसत असेल तरच पुढची बोलणी करा.

मग टेप काढा. जोतं साधारण तीन फूट असेल तर १:१२ च्या उतारासाठी ३६ फूट लांब रॅम्प लागतो, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा. रस्त्याला लागून असलेल्या पेठेतल्या वाड्याला पुढून एवढी जागा नसते, तेव्हा परसदाराकडून वाट काढता येते का ते बघा. तिथूनच रुग्णवाहिका यायला हवी, म्हणजे बोळाची रुंदीही मोजा. दारं : व्हीलचेअरला ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट मोकळी वाट धरा. माजघराची दारं बहुतेक वेळा यापेक्षा अरुंद आणि वर ठेंगणी असतात. सागवानी चौकट कापायला सुताराला सांगू नका. ती खोली चालत्या-फिरत्या माणसाला द्या, नाहीतर भिंतीत दुसरीकडे वाट करा.

उंबरठे मोजा, प्रत्येक. पूजेचा मुख्य उंबरठा ठेवायचा असेल तर दोन्हीकडून लाकडी उतार जोडा. आतले बाकीचे काढून, जपून ठेवून, जमीन सलग करता येते. ओसरीवरून चौकात उतरायच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा हवा. काठावर वेगळ्या रंगाची पट्टी तिथेच मारायची, बाकी कुठे नाही. का ते पुढे येईल.

सांगलीत गावभागात, नदीजवळ सुंदर वाडा मिळतोय. घ्यावा का?

नाही.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. पांढऱ्या मातीची भिंत चार-पाच दिवस पाण्यात उभी राहिली की खालून सुटते, हे गावभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि भिंतीचं एकवेळ बघता येईल; पण रात्री दोन वाजता, लाईट गेलेली असताना, "चला, घर सोडायचंय" हे ज्यांना कळतच नाही अशा बारा जणांना बोटीत बसवण्याची कल्पना करून बघा. सांगलीतच हवं असेल तर विश्रामबागेच्या बाजूचा एखादा जुना बैठा बंगला, नाहीतर मिरज बघा. मिरजेत दवाखाने जवळ आहेत, तिथली रुग्णसेवेची परंपरा मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वानलेस डॉक्टरांपासूनची आहे. वाईतही घाटालगतच्या घरांना हीच कसोटी लावा.

भूकंपाचं काय? आपला भाग कोयनेचा.

११ डिसेंबर १९६७ विसरलेली माणसं इकडे थोडी. वाड्याचा लाकडी सांगाडा, म्हणजे खांब-तुळयांचे खण, चांगला असेल तर तो हादरा बऱ्यापैकी सहन करतो. धोका असतो सुटलेल्या भिंतींचा, सांध्यात कुजलेल्या तुळईचा आणि वर चढवलेल्या ओझ्याचा. मागच्या पिढीत कोणीतरी मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकलेला असतो, तो आधी तपासा. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच अहवाल घ्या. फक्त आरसीसी करणारा इंजिनिअर बहुधा "पाडा" एवढंच सांगतो.

आड आणि बळद यांचं काय करायचं?

आड बुजवू नका, पण त्याच्यावर माणसाचं वजन पेलणारी, कुलूपबंद लोखंडी जाळी हवी, आणि रहाट काढून ठेवा. रहाट दिसला की पाणी काढायची ओढ लागते. जाळीभोवती झेंडू, तुळशीच्या कुंड्या मांडल्या की नजर तिकडे जात नाही.

बळदाकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. धान्य साठवायची ही जागा माजघराच्या किंवा कोठीच्या जमिनीखाली असते, वर नुसत्या फळ्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर कणग्या, ट्रंका ठेवलेल्या असतात, त्यामुळे मालकालाही पत्ता नसतो. सामान हललं, खोली मोकळी झाली, पलंग सरकवला की फळी खचते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "धान्य कुठे असायचं?" आणि जमीन ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तिथे फळ्या उचलून आत काय आहे ते बघा आणि इंजिनिअरच्या सल्ल्याने भरून घ्या.

संडास-न्हाणीघर कुठे आणि कसं?

बहुतेक वाडे इथेच नापास होतात. जुना संडास परसात, टोकाला, दोन पायऱ्या चढून. रात्री तिथपर्यंत जाणं तब्येत चांगली असतानाही नको वाटायचं.

नवे संडास खोल्यांना लागून, आणि शक्य तर पलंगावरून भांडं दिसेल असे हवेत. पाण्याच्या लाईनी मातीच्या भिंतीतून नेऊ नका. गळती दिसेपर्यंत भिंत आतून विरघळलेली असते. चौकाच्या मागच्या पडवीला किंवा परसाच्या बाजूला वेगळ्या विटांच्या भिंतींचा एक पट्टा बांधून त्यात सगळं पाणी एकत्र आणलं, तर मूळ वाड्याला ओल लागत नाही आणि पुढे कधी काढायचं म्हटलं तर काढताही येतं.

आत काय? पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड, मागे पांढरी टाईल : कंत्राटदाराच्या मते स्वच्छ, नजर आणि मेंदू दोन्ही थकलेल्या माणसाच्या मते रिकामी खोली. बसायची सीट ठळक रंगाची घ्या, लाल किंवा निळी. मागची भिंत वेगळ्या रंगाची. दांडेही भिंतीहून वेगळे दिसले पाहिजेत. आयुष्यभर उकिडवं बसलेल्या माणसाला कमोड हे बसायचं साधन आहे हेच उमगत नाही. त्याला रोज ठरावीक वेळी नेऊन सवय लावावी लागते. अंघोळीला शॉवर डोक्यावर एकदम सुरू झाला की माणूस घाबरतो. पाटाऐवजी पाठीला टेका असलेलं स्टूल, पण बादली, तांब्या तेच ठेवा. तांब्या हातात दिला की पुढचं बरंच काम तेच करतात. आरशावर पडदा असू द्या. काहींना आरशातलं म्हातारं माणूस परकं वाटतं, आणि परक्यासमोर कोणी कपडे काढत नाही.

फरशी, रंग, उजेड यांत काय बदलायचं?

साताऱ्यातल्या एका घरी बघितलेलं सांगतो. माजघरातून ओसरीवर येताना दारात काळ्या ग्रॅनाईटची हातभर रुंद पट्टी बसवलेली, नव्यानेच, शोभेसाठी. आजी दारापर्यंत यायच्या आणि थबकायच्या. एक पाय पुढे करून अंगठ्याने चाचपायच्या, परत मागे घ्यायच्या. सुनेला वाटायचं नाटकं करतात. आजींना ती पट्टी खड्डा दिसत होती. वर फिक्या रंगाची, न घसरणारी विनाईल चिकटवली, आणि आजी सरळ चालत ओसरीवर आल्या.

तर, जमीन सगळीकडे एकाच रंगाची, चमक नसलेली. शहाबादी फरशी कोरडी असेल तर उत्तम, ओली झाली की घात. चौकातून पावसाचं पाणी ओसरीवर येतं तिथे पन्हाळी आणि पागोळ्यांची सोय आधी करा. नक्षीच्या टाईल्स, ठिपक्यांचं लिनोलियम नको. त्यांतले ठिपके काहींना किडे वाटतात, आणि ते वेचायला माणूस वाकतो. रंगातला फरक फक्त जिथे खरोखर पायरी आहे तिथे. जमीन सारवलेली ठेवायचा मोह काही जणांना होतो. चौकाच्या कोपऱ्यात तुळशीपुढे ठेवा, खोल्यांत नको.

उजेड हा वाड्याचा कच्चा दुवा. साठीच्या डोळ्याला विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिप्पट उजेड लागतो, आणि माजघर तर दुपारीही सांजावलेलं. तुळयांच्या मधल्या खणांत वरच्या दिशेने उजेड टाकणारे दिवे लावले की पाटईवरून, म्हणजे लाकडी छतावरून, तो सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत. भिंतींना चुन्याची सफेदी. तिन्हीसांजेला ही माणसं बेचैन होतात, "मला घरी सोडा" सुरू होतं. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीच सगळे दिवे लागलेले असू द्या. रात्री पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवे.

आणि दिवाणखान्यातल्या पूर्वजांच्या मोठाल्या तसबिरी वरच्या मजल्यावर न्या. हार घातलेला, पगडीतला, टक लावून बघणारा माणूस रात्री तसबीर राहत नाही.

भिंतींना सिमेंटचा गिलावा केला तर टिकाऊ नाही का होणार?

नाही होणार. माती-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडतं. दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे, मग बुरशी, मग खोकला. चुना घाणीत मळलेला, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी, ही पद्धत जाणणारे गवंडी शोधा. पैसे कमी असतील तर आधी छप्पर, मग वायरिंग, मग गिलावा. गळकी कौलं ठेवून खाली कितीही रंगवा, उपयोग नाही.

मुख्य दरवाजाला कुलूप लावायचं का?

बाहेरच्या दरवाजावर लक्ष हवंच. वाईसारख्या गावात दोन वळणं घेतली की नदी. पण माणसाला खोलीत कोंडणं, बांधून ठेवणं चालणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ साखळीने बांधायला स्पष्ट मनाई करतो.

इथे देवडी कामाला येते. मुख्य दरवाजा, मग देवडी, मग चौक, अशी दुहेरी रचना मुळातच आहे. देवडीत पूर्वी पहारेकरी बसायचा, आता मावशी किंवा मामा बसतील. चौकाकडून बघताना दरवाजा ठळक दिसू नये. आतली बाजू भिंतीच्याच रंगात रंगवा. दिंडीला, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दाराला, वाजणारी घंटी लावा. उलट, चौकात आणि परसात जायची दारं दिवसभर सताड उघडी हवीत. बाहेर फिरायला मिळालं की दरवाजाशी झटापट कमी होते. अडसर आणि कोयंडे आतून काढून टाका, नाहीतर कोणीतरी स्वतःलाच कोंडून घेईल.

लाकडी घर, आगीची भीती वाटते.

वाटायलाच हवी. सागवान हळू जळतं हे खरं, पण कौलाखालची वाळकी रिपं आणि पन्नास वर्षांपूर्वीची कापडी वायर नाही. वायरिंग पूर्ण नवं, धुराचे सेन्सर प्रत्येक खणात, गॅस परसात वेगळ्या खोलीत. निरांजन देव्हाऱ्यात, कोणीतरी शेजारी बसलेलं असतानाच. बाहेर पडायला दोन वेगळ्या दिशांनी वाटा हव्यात. एकच दिंडी असलेला, तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेला वाडा इथे बाद होतो. नॅशनल बिल्डिंग कोड असे निवास 'इन्स्टिट्यूशनल' गटात धरतो, घर म्हणून नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो.

परवानग्या कुठल्या कुठल्या?

नगरपालिकेकडून किंवा महापालिकेकडून वापर बदलाची आणि दुरुस्तीची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत वारसा इमारतींच्या श्रेणी आहेत. तुमचा वाडा यादीत असेल तर पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच हलवता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत आतून बरीच मोकळीक मिळते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरांत नियंत्रण, म्हणजे नकाशा काढण्याआधीच अंतर मोजा.

२०१७ च्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा आणि भान राहण्याचा बिघाडही येतो. त्यामुळे "आमचं तर साधं वृद्धाश्रम" म्हणून सुटायचा प्रयत्न करू नका. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीबद्दल लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा.

पाचगणीचा इंग्रजी बंगला कसा राहील?

हवा छान, बैठं घर, रुंद व्हरांडा, आणि क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांमुळे गावाला आजारी माणसांची सवय जुनी. पण महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बांधकामाला कडक बंधनं. पावसाळ्यात धुक्याने दिवस-दिवस अंधारलेलं, कपडे वाळत नाहीत, आणि रात्री कोणाला ॲडमिट करायचं झालं तर पसरणी घाट उतरा. उन्हाळ्यातल्या भेटीवर निर्णय घेऊ नका, जुलैत दोन रात्री राहून या.

किती जणांना ठेवता येईल?

एका चौकाला आठ ते बारा. "खर्च भागवायला वीस तरी हवेत" असं म्हणणारे भेटतात. मग वाडा सोडा आणि नवी इमारत बांधा. वीस खाटा लावल्या की ज्या चौकासाठी वाडा घेतला त्या चौकातच खाटा येतात.

वाडा सामाईक आहे, सात जणांची नावं आहेत.

मग आधी मालमत्ता पत्रक काढा, सगळ्यांच्या सह्यांचा नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेकरार करा. तोंडी "वापरा की, कोण बघतंय" यावर एक वीटही लावू नका. चुलतभावाला वाटणी आठवली की ज्यांना बदल अजिबात सोसत नाही अशा बारा जणांना हलवावं लागेल. देवस्थान इनामाची जागा असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊच नका.

संस्था काढायची नाही, आमच्याच आईला घरच्या वाड्यात ठेवायचंय.

मग एवढंच करा : पलंग तळमजल्यावर संडासाजवळ आणा, आडावर जाळी, आतले उंबरठे काढा, दिवे वाढवा, गॅसला बाहेरून बंद होणारा कॉक. तिची जागा, तिचा झोपाळा, तिचा कोनाडा हलवू नका. नूतनीकरणाची हौस असेल तर ती नंतर भागवा.

आमचा वाडा यातल्या निम्म्या प्रश्नांवर नापास झाला. आता?

रात्रीच्या निवासाला नापास झाला असेल, पण दिवसाचं केंद्र तिथे चालू शकतं. सकाळी दहा ते पाच, आठ-दहा जण, ओसरी आणि चौक एवढीच जागा, एक नीट संडास, एक रॅम्प. पूर आला, लाईट गेली तर त्या दिवशी बंद ठेवता येतं. दुपारी पेटी-तबला, नाट्यपदं, भजन; सांगली-मिरजेकडे वाजवणारा माणूस मिळायला अडचण पडत नाही, आणि ज्यांना स्वतःच्या मुलाचं नाव सांगता येत नाही तेही ध्रुवपदाला बरोबर सूर लावतात. घरच्यांना सात तास मोकळे मिळतात. आगीचे आणि नोंदणीचे नियम याला काय लागतात ते नगरपालिकेत वेगळं विचारा.